काडीचे दोन महिने

काडी हे नाव तिला चुलत्याने ठेवलं, ती पाच वर्षांची असताना. लग्न होऊन सासरी आल्यावर तरी ते नाव मागे राहील असं तिला वाटलं होतं. पण बटाट्याच्या वखारीत पहिल्याच दिवशी मुकादमबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ही पोतं उचलणार, की पोतं हिला?" सगळ्या बायका हसल्या. कुणीतरी पुन्हा काडी म्हटलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

वखारीत दिवसभर बटाटे निवडायचे. मोठा, मध्यम, बारका असे तीन ढीग, आणि चौथा डागी मालाचा. संध्याकाळी डागी ढिगातले चार-सहा बटाटे पदरात घेतले तर मुकादमबाई तिकडे पाहायच्या नाहीत. ते बटाटे आणि भात, एवढ्यावर घर चालायचं. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि तीन माणसं. नवरा खडी फोडायला जायचा, अंगमेहनतीचं काम, म्हणून पहिलं ताट त्याचं. मग सासूबाईंचं. मग पातेल्यात जे उरेल ते काडीचं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. सासूबाई स्वतः सून म्हणून आल्या तेव्हाही असंच होतं, आणि पातेलं तेव्हाही एवढंच होतं.

महिन्यातून एकदा नर्सबाई शाळेच्या ओट्यावर वजनकाटा मांडून बसायच्या. लग्नाला वर्ष झालं तेव्हा सासूबाई काडीला तिकडे घेऊन गेल्या. अजून काही बातमी नाही म्हणून त्यांना घोर लागला होता. काटा अडतीसवर थांबला. नर्सबाईंनी काडीची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली.

"पोर राहण्याआधी हिच्या अंगात रक्त भरायला हवं," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "दूध, अंडं, डाळ, काहीतरी रोज पोटात गेलं पाहिजे."

"तुमच्याकडे तो पिठाचा डबा मिळतो ना?"

"तो गरोदर बाईला मिळतो, मावशी. हिला दिवस गेले की लगेच नाव लिहिते."

"मग आम्ही तरी आधी कुठून घालू?" सासूबाई म्हणाल्या. "दिवस जाऊ देत. मग बघा, बसवून खाऊ घालते की नाही."

नर्सबाईंनी लोहाच्या गोळ्यांची पाकिटं दिली. जेवणानंतर घे, असं बजावून सांगितलं. काडी सकाळी काही न खाताच वखारीत जायची, त्यामुळे जेवणानंतर म्हणजे केव्हा, हा प्रश्नच होता. एक दिवस तिने रिकाम्या पोटी गोळी घेतली आणि दोन तासांनी पोत्यांच्या आड जाऊन ओकली. शेजारच्या बाईने पाहिलं. "काय गं काडे, गोड बातमी का?" दुसरीने तिसरीला सांगितलं. काडी नाही नाही म्हणत राहिली, पण असं नाही म्हणणारीवर कुणी विश्वास ठेवतं का?

ती घरी पोचायच्या आधीच बातमी घरी पोचली होती. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी काडीचा हात धरून तिला आत नेलं, भिंतीला टेकून बसवलं आणि दुधाचा पेला हातात दिला. दूध गरम होतं, वर साय होती. काडी सांगणार होती. तोंड उघडलंही होतं. पण पेला ओठाला लागला, आणि तो संपला तेव्हा सांगायची वेळ निघून गेली होती.

मग दोन महिने तिचं ताट पहिलं झालं. रोज एक अंडं, संध्याकाळी दूध, भातावर डाळ, आणि डाळ अशी की बोट बुडवलं तर बोटाला लागावी. शेळ्या-कोंबड्या पाळणाऱ्या बाईचा गोठा सासूबाई रोज सकाळी झाडून यायच्या, त्या बदल्यात दूध आणि अंडी मिळायची. काडीने विचारलं, "आई, तुम्ही जेवत का नाही?" त्या म्हणाल्या, "मला हल्ली संध्याकाळचं पचत नाही." काडीला ते खरं वाटलं नाही. पण ते खरंच असावं, असं तिने स्वतःला समजावलं.

तिला दुपारी चक्कर येईनाशी झाली. विंचरताना फणीत केस कमी येऊ लागले. वखारीत ती चक्क मुकादमबाईंची नक्कल करून दाखवायची आणि बायका पोट धरून हसायच्या. पाळीच्या दिवसांत मात्र ती कपडे वखारीमागच्या नळावर धुवायची आणि पोत्यांच्या मागे वाळत टाकायची. रोज ठरवायची, आज सांगू. कधीकधी वाटायचं, एवढं खाल्ल्यावर खरंच दिवस जातील आणि मग खोटं उरणारच नाही. त्याची ती वाट पाहत होती.

नर्सबाई दोन महिने दुसऱ्या गावांच्या कामात अडकल्या होत्या. त्या आल्या त्या दिवशी सासूबाई धुतलेलं लुगडं नेसल्या आणि सुनेला पुढे घालून ओट्यावर गेल्या. "नाव लिहा," म्हणाल्या. "तिसरा चाललाय."

काटा एक्केचाळीसवर थांबला. नर्सबाईंचा चेहरा फुलला. मग त्यांनी वर्गाच्या आत नेऊन लघवी तपासली, पुन्हा तपासली, आणि काडीकडे पाहिलं. काडीने मान खाली घातली.

"तुला माहीत होतं?"

काडीने होकाराची मान हलवली.

"तीन किलो वाढलीस गं," नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हेच तर हवं होतं. आणखी सहा महिने असं चाललं असतं तर..." त्या थांबल्या. "पण मला खोटं लिहिता येत नाही."

"नका लिहू," काडी म्हणाली. "आईंना तुम्हीच सांगा. माझ्याने होणार नाही."

नर्सबाईंनी सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि ओट्याची कड धरून हळूहळू उठल्या. वाटेत दोनदा सासूबाई दम खायला थांबल्या. दोन महिन्यांत त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकायला लागल्या होत्या. काडीने ते त्या दिवशी नीट पाहिलं.

घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "मी नातवासाठी उपाशी राहिले."

"मला भूक लागली होती, आई."

"मला नव्हती लागली?"

नवऱ्याने हात उगारला नाही, पण आठ दिवस तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "आईच्या तोंडचं काढून खाल्लंस." त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. ताट जिथून वर आलं होतं तिथे परत गेलं. वखारीतही बायकांना कळलंच. त्या चेष्टा करायच्या नाहीत, आणि काडीला चेष्टेपेक्षा तेच जास्त लागायचं.

खरे दिवस गेले ते त्यानंतर सात महिन्यांनी. तोवर वजन पुन्हा अडतीसवर आलं होतं. काडी कुणाला काही बोलली नाही. कोणत्या तोंडाने बोलणार? ओकारी आली तर ओठ घट्ट मिटून बसायची. पाचव्या महिन्यात सासूबाईंच्याच लक्षात आलं. त्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "खरं?" तिने मान हलवली. मग डब्याच्या यादीत नाव लागलं. पण सासूबाई तोवर अंथरुणाला खिळल्या होत्या, गोठा झाडण्याचं बळ त्यांच्यात राहिलं नव्हतं. काडी डब्यातलं पीठ शिजवायची आणि अर्धं त्यांच्या वाटीत ओतायची. त्या म्हणायच्या, "माझ्या वाटीत नको." ती म्हणायची, "खा." खाऊन होईपर्यंत ती समोरून उठायची नाही.

आठव्या महिन्यात मुलगी झाली. दाईने ती एका तळहातावर धरली. दूध ओढायला तिच्यात जोर नव्हता आणि काडीला दूधही फारसं नव्हतं. अकरा दिवस ती जगली. त्या अकरा दिवसांत सासूबाईंनी तिला रात्रंदिवस पोटाशी धरून ठेवलं होतं, ऊब मिळावी म्हणून.

पुढच्या फेरीला नर्सबाईंनी डब्याच्या यादीतून काडीचं नाव काढलं. नियमच तसा होता. वजन केलं, छत्तीस. पुन्हा गोळ्यांची पाकिटं दिली. "आता दोन वर्षं तरी थांब," त्या म्हणाल्या. "आधी तब्येत कर."

"कशाने करू, ताई?" काडीने विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं.

नर्सबाईंनी वहीकडे पाहिलं आणि पुढच्या बाईला काट्यावर उभं राहायला सांगितलं.

काडी ओटा उतरली आणि वखारीत गेली. मुकादमबाईंनी तिला बारक्या मालाच्या ढिगावर बसवलं, तिथे पोती हलकी असतात म्हणून. नवरा आता म्हणतो, पुढच्या वर्षी तरी घरात पोर हवं. त्याचं ताट झालं की सासूबाई पातेलं मधे ठेवतात आणि दोघी त्यातूनच खातात. पातेलं लवकर संपतं.