वधूपक्षातली सत्तेचाळीस नंबरची जागा

सदाशिव पेठेतलं रिसबूड मंगल कार्यालय बंद पडलं तेव्हा पेठेत कोणी हळहळलं वगैरे नाही. लग्नं लॉनवर गेली, लॉन शहराबाहेर गेली, आणि कार्यालयात उरल्या त्या पाट्या. ‘पंगतीत दुसऱ्यासाठी जागा धरू नये.’ ‘नळ उघडता येतो त्यांना बंदही करता येत असावा.’ ‘उरलेले अन्न मागू नये, आमच्याकडे उरत नाही.’ थोरल्या रिसबुडांनी ह्या पाट्या स्वतः उभं राहून रंगवून घेतल्या होत्या. लग्न मोडलं तर चालेल, नियम मोडता कामा नये, असा त्यांचा खाक्या. ते गेले, कार्यालयाला कुलूप लागलं आणि चार वर्षं कबुतरांनी फुकटात संसार थाटले.

मग नातवाने, म्हणजे आमोद रिसबुडांनी, तिथे अभ्यासिका काढायचं ठरवलं. हल्ली पेठेत रिकामी जागा सापडली की तिचं दोनपैकी एक होतं, कॅफे नाहीतर अभ्यासिका. कॅफेत बसणारा दोन तासांत उठतो. अभ्यासिकेत बसणारा सहा-सात वर्षं उठत नाही. सरकारी अधिकारी व्हायची परीक्षा द्यायला विदर्भ-मराठवाड्यातून पोरं येतात, एका खोलीत पाच-पाच राहतात आणि दिवसभर अभ्यासिकेतल्या लाकडी कप्प्यात मान घालून बसतात. आमोदरावांना व्यवहार कळतो, त्यांनी अभ्यासिका निवडली.

लाकडाचं काम मिळालं गंज पेठेतल्या मन्सूर मिस्त्रींना. मन्सूरचाचा साठीचे, हाताला पक्के, तोंडाला त्याहून पक्के. आणि त्यांचा उजवा हात म्हणजे आपला माऊली. गोष्ट त्याचीच आहे.

माऊली चौतीस वर्षांचा. गाव मेहकरजवळ, तिकडे बुलढाण्यात. बाप सुतार. बापाला वाटलं, आपण जन्मभर भुसा खाल्ला, पोराने खुर्चीत बसावं. म्हणून पोराच्या हातातून रंधा काढून घेतला आणि पुस्तक दिलं. पोरगा बाविसाव्या वर्षी पुण्याला आला, आठ वर्षं अभ्यासिकेत बसला, एकदा सव्वा मार्काने गेला, एकदा मुलाखतीपर्यंत जाऊन आला, बाकीच्या वेळी सरळ पडला. शेवटी शेवटी तर फुकट बसायला मिळावं म्हणून तो त्याच अभ्यासिकेत झाडलोट करायचा. तिथे एकदा मन्सूरचाचा मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायला आले. माऊलीने पुस्तक उलटं ठेवलं आणि खुर्ची धरली. चाचांनी पाहिलं, पोरगा पटाशी कशी धरायची ते जाणतो. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. त्या पुस्तकाचं पुढे काय झालं ते माऊलीला विचारू नका, त्यालाही माहीत नाही.

ह्याला चार वर्षं झाली. ह्या चार वर्षांत माऊलीने अकरा अभ्यासिका बांधल्या. हातमागाचं बंद दुकान, छापखाना, एका बँकेचा वरचा मजला, एक व्यायामशाळा. बरोबरचे दोघे तहसीलदार झाले, एक फौजदार झाला. त्यांच्या सत्काराचे फोटो फोनवर यायचे. माऊली अंगठा उंचावलेलं चित्र पाठवायचा आणि पुढचा स्क्रू पिळायचा. मत्सर वाटायचा म्हणाल तर तो नाही. वाईट वाटायचं म्हणाल तर तेही नाही. त्याला काहीच वाटायचं नाही, आणि त्याचंही त्याला काही वाटायचं नाही. एकदा हातोडी अंगठ्यावर बसली. नख काळंनिळं झालं, रक्त प्लायवर ठिबकलं. माऊली फडकं शोधायला गेला ते प्लाय पुसायला. मन्सूरचाचा त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणाले, “जरीना, ह्या पोराला एकदा कोणीतरी मनसोक्त रडवलं पाहिजे.” पण रडवायचं कोणी, आणि कसं?

रिसबुडांचं काम सुरू झालं त्याच आठवड्यात बापाचा फोन आला. माऊलीची धाकटी बहीण राजनंदिनी बीएस्सी झाली होती, वर्गात पहिली.

“नंदीले पाठवू राहिलो पुण्याले,” आबा म्हणाले. “तुह्यानं नाही झालं, तिच्यानं होईन. पोरगी हुशार हाय. तू हायेस तिथं, चांगली जागा धरून ठेव तिच्यासाठी.”

तुझ्याने झालं नाही, हे आबा चिडून म्हणाले नव्हते. पाऊस पडला नाही म्हणावं तसं म्हणाले होते. माऊली “पाहतो” म्हणाला आणि फोन ठेवला. नंदी येता कामा नये, एवढं मात्र त्याने त्याच क्षणी मनाशी ठरवलं. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. ती नापास होईल ही भीती नव्हती. ती बसून राहील, ही होती.

दुसऱ्या दिवशी अस्मिता देशमाने नकाशे घेऊन आल्या. ह्या इंटिरियर डिझायनर. वयाने लहान, पण जुन्या वास्तूंवर खरा जीव असलेली बाई. त्यांनी चपला काढून मोझॅकच्या फरशीवर हात फिरवला, आणि मन्सूरचाचांचं तिथेच त्यांच्याविषयी चांगलं मत झालं. त्यांच्या कल्पना सुरेख होत्या, खोटं कशाला बोला. स्टेजवर वर्तमानपत्रं वाचायचा कट्टा. पंगतीची लांब टेबलं तासून, पॉलिश करून अभ्यासाची टेबलं, एका टेबलाला आठ जण, समोरासमोर. आचाऱ्याच्या भटारखान्यात चहाची जागा. तांब्याच्या घंगाळांत झाडं. झुंबरं पुसून तिथेच ठेवायची. थोरल्या रिसबुडांच्या पाट्याही तिथेच. नवरीकडच्यांची ‘वधूपक्ष’ लिहिलेली खोली मुलींसाठी, समोरची ‘वरपक्ष’ मुलांसाठी. आणि अंगणाकडच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या.

“एकूण बहात्तर जागा,” अस्मिता म्हणाल्या. “इथे माणसांनी एकमेकांशी बोलावं, ऊन यावं. लग्नाघरी असतं ना, तसं वाटलं पाहिजे.”

“लग्न दोन दिवसांचं असतं,” आमोदराव म्हणाले. “बहात्तरमध्ये माझं भागत नाही. अहो माऊली, तुम्ही आठ वर्षं बसलाय म्हणे अशा ठिकाणी. तुम्ही सांगा.”

आणि माऊली बोलला. एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस, पण ह्या एका विषयात कोणी विचारलं की थांबायचा नाही. समोरासमोर नको, समोरचा उठला की आपल्यालाही उठावंसं वाटतं. प्रत्येकाला कप्पा, अडीच फुटांचा. मधली फळी चार फुटांची, बसल्यावर शेजारच्याचं डोकं दिसता कामा नये. खुर्चीला हात नकोत, हात असले की झोप लागते. दिवा डावीकडून. पायाशी डब्यासाठी फळी, नाहीतर डबा वह्यांवर सांडतो. आणि खिडक्या प्लाय मारून बंद करायच्या.

“खिडक्या का?” अस्मितांनी विचारलं.

“बाहेर दिवस चाललेला दिसतो, मॅडम.”

अस्मिता त्याच्याकडे बघत राहिल्या. माऊलीने टेप काढला आणि मोजायला लागला. वधूपक्षात त्यांनी बारा जागा दाखवल्या होत्या, त्याने एकवीस बसवल्या. खांबाच्या मागे, जिथे रुखवत मांडायचे, तिथे खिडकी बुजवून एक जागा काढली. तिथे वारा येत नव्हता, आणि खुर्ची मागे घ्यायची तर भिंत आड यायची. पण जागा म्हणजे जागा. एकूण आकडा एकशे आठवर गेला. आमोदराव खूश. अस्मिता म्हणाल्या, “अहो, त्या खांबामागे माणूस कसा बसेल?”

“बसतो, मॅडम,” माऊली म्हणाला. “माणूस कुठेही बसतो.”

तिथे आपली बहीण बसेल, असं त्याच्या डोक्यात आलंही नाही. ती येणारच नाही, हे त्याच्यापुरतं पक्कं होतं. अडवायचं कसं, एवढाच प्रश्न होता, आणि तो त्याने उद्यावर टाकला होता. आठ वर्षं परीक्षा देणाऱ्या माणसाला उद्यावर टाकायची कला शिकवावी लागत नाही.

काम दीड महिना चाललं. खिडक्या एकेक करून बुजत गेल्या. अस्मितांनी भांडून भांडून स्टेजवरचा कट्टा, झुंबरं आणि पाट्या वाचवल्या, बाकी हात टेकले. रोज संध्याकाळी नंदीचा फोन यायचा. दादा, जागा धरली का? पाहू राहिलो. दादा, मेसचं काय? पाहू राहिलो. दादा, पहिल्यांदा कोणतं पुस्तक वाचू? त्यावर मात्र माऊली विषय बदलायचा. कोणतं पुस्तक किती पानांचं आणि कोणत्या पानावर चहाचा डाग पडतो इथवर त्याला पाठ होतं.

“घरी सांगून टाक ना खरं काय ते,” एकदा मन्सूरचाचा म्हणाले. “म्हणावं, मला भोगून झालंय, बहिणीला नको.”

“मी पडलो म्हणून तिला अडवतो, असं म्हणतील.”

“मग म्हणू देत. माझी पोरगी मिसबा वकिली करते म्हणाली तेव्हा मीही घर डोक्यावर घेतलं होतं. तिने ऐकलं नाही, ते सोड. पण मनातलं बोललो तरी. तू तेही करत नाहीस. दगड झालायस लेका.”

माऊलीला ह्याचं वाईट वाटायला हवं होतं. त्याने सॅण्डपेपर मागितला.

शेवटचं काम नंबर लावायचं. पितळेचे छोटे बिल्ले, एक ते एकशे आठ. अस्मितांची आवड. वरपक्ष संपवून माऊली वधूपक्षात आला. छत्तीस, सदतीस. उद्घाटन दोन दिवसांवर, सगळीकडे वॉर्निशचा वास. फोन वाजला. नंदीच होती. माऊलीने आज सोक्षमोक्ष लावायचा ठरवला.

“नंदे, जागा नाही भेटली,” तो म्हणाला. “सगळीकडं फुल्ल हाय. साऱ्या पेठा पाहिल्या. यंदा राहू दे. तिकडंच बीएडचं पाहू.”

एकशे आठ रिकाम्या खुर्च्यांमध्ये उभा राहून माऊली हे बोलला, आणि त्याचा आवाज जराही हलला नाही.

“अरे, भेटली मले,” नंदी म्हणाली. “तुले सांगणारच होती. नवीन अभ्यासिका निघू राहिली सदाशिव पेठीत. मोबाईलवर व्हिडिओ आला होता. लग्नाचा हॉल होता म्हणे. पोरींसाठी वेगळी खोली, दारावर वधूपक्ष लिहिलेलं. मले लय आवडलं. काल ऑनलाइन बुक केली. आबाच म्हणे, दादाले कशाला तरास, त्याचं काम चालू असते.”

“कितवा नंबर?”

“सत्तेचाळीस. शेवटचीच राहिली होती पोरींच्या खोलीत.”

माऊलीच्या हातात अडतीसचा बिल्ला होता. सत्तेचाळीस म्हणजे खांबामागची. तो चालत तिकडे गेला. खांब आणि भिंत ह्यांच्यात शिरायला त्याला आडवं व्हावं लागलं. खुर्चीत बसला, तर गुडघे फळीला लागले. डावीकडे त्याने स्वतः मारलेलं प्लाय होतं, समोर त्याने स्वतः मारलेली चार फुटांची फळी. त्याने खुर्ची मागे ढकलून पाहिली. ती भिंतीला लागली. आत कुठेतरी, पोटाच्या वर, काहीतरी दुखलं. दुखतंय हे कळायलाही त्याला थोडा वेळ लागला.

“दादा? हायेस का?”

“हाय.” त्याने हातातला बिल्ला फळीवर ठेवला. “नंदे, ऐक. येतेस तर ये. पण एक वर्ष. एकच. त्याच्यावर एक दिवस नाही. नाही झालं तर बॅग उचलायची अन् परत जायचं. आबासमोर तशी शपथ घे, मग ये.”

नंदी अगदी साध्या आवाजात, त्याला लागू नये अशा बेताने म्हणाली,

“तू बी एकच वर्ष सांगून गेला होता, दादा. मी चौथीत होती तवा.”

माऊलीने कानामागची पेन्सिल काढली.

“गाडी किती वाजताची हाय?” त्याने विचारलं.