माझी पदवी आणि चौथा गडी

पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांना मालवणच्या बाजारात तासभर भटकवायचं, एवढ्यावर माझी पदवी अडली होती.

ते गृहस्थ म्हणजे आमचे सर. साल दोन हजार सहा, घरोघरी मोबाईल नुकतेच आलेले, आणि डिझाइनच्या शेवटच्या वर्षासाठी मी एसएमएसवरून गाव शोधायचा खेळ बनवला होता. मोबाईलवर कोडं येणार, ते सोडवून त्या जागी जायचं, तिथल्या पाटीवरचा शब्द मला पाठवला की पुढचं कोडं. नियम एकच, कुणाला काही विचारायचं-सांगायचं नाही! सरांना खेळ आवडला तर मी पास, नाहीतर पुन्हा तेच वर्ष.

सर टोपी घालून निघाले. मी बाजाराजवळच्या आमच्या घराच्या ओटीवर मोबाईल धरून बसले. मेसेज काही आला नाही, रिक्षा आली. आत सर!

"बाय, ह्यो पावणो तुमचोच मां?" रिक्षावाला वसंता म्हणाला. "पिंपळाखाली एकटोच मोबाईलाकडे बघून हसत होतो. वाट चुकलो वाटता."

"चुकलो नाही हो, खेळतोय मी!" सर ओरडले.

"ह्या वयात?" वसंता माझ्या कानाशी वाकला. "ऊन लागला गो तेंका. सरबत दी."

बाजारात अनोळखी माणूस दिसला की "कोणाकडे इल्यात?" हे विचारलं जाणारच, आणि उत्तर न देणाऱ्याला कोणी सोडत नाही, हे मला जन्मापासून माहीत. (खेळ बनवताना नेमकं तेवढंच विसरले. हुशार मुलगी!)

कोकम सरबत पिऊन सर पुन्हा निघाले. या खेपेला मासे विकणाऱ्या सुलुमावशीने त्यांना दंडाला धरून आणलं.

"मी इचारलंय, खंय चललात, तर म्हणता सांगूचा नाय! घरातसून भांडान इल्लो काय ह्यो?" असं म्हणत तिने टोपलीतले बांगडे आईच्या हातात ठेवले. "उपाशी असतलो बिचारो."

आईने लगेच तवा चढवला. मी रडकुंडीला आले.

"आये, माझा वर्ष फुकट जातला गो!"

"जांवंदे! दारातसून माणूस उपाशी जावचो नाय."

सर पोटभर जेवले. वर सोलकढी दोनदा मागून घेतली. मग कर्तव्याची आठवण होऊन टोपी शोधू लागले, तर ओटीवरून बाबांनी हाक मारली. बाबांचे दोन मित्र पत्ते घेऊन खोळंबले होते.

"सर, खेळायचंच आहे ना? मग एवढ्या उन्हात कशाला? बसा इथे, आमचा चौथा गडी आज आलेला नाही!"

बसले की हो! कणकवलीची शेवटची एसटी सुटायची वेळ आली तेव्हा त्यांना उठवावं लागलं. जाताना शेरा लिहून गेले, 'गावाची ओळख उत्तम होते. मोबाईल मात्र काढून टाकावा.' मी पास झाले! आनंदाने मी आईला मिठी मारली, आणि सुलुमावशीलाही.

तेव्हापासून सर दर मे महिन्यात आमच्याकडे येतात. परवा मी धीर करून विचारलं, "सर, ते पहिलं कोडं सोडवताय का?"

पानं पिसता पिसता सर वैतागले, "अगं, चांगला खेळ चाललाय, मध्ये कशाला येतेस?"