सोडलेली मात्रा

क्लेमंट गॅड्सडेनबद्दल चांगलं बोलणारा माणूस उत्तर फिलाडेल्फियात शोधून सापडला नसता, आणि सापडलाच असता तर क्लेमंटनं त्याच्याशीही भांडण उकरून काढलं असतं. शेजाऱ्यांशी त्याचं पटत नव्हतं, चर्चमधल्यांशी पटत नव्हतं, सख्ख्या भावाशी तर बोलणंच बंद होतं. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता बुटांकडे बघायची त्याला खोड होती. तरीही रिज अॅव्हेन्यूवरचे सगळे वादक त्याला निमूट सहन करायचे, कारण एकदा ड्रमवर बसला की त्याच्यासारखा ठेका धरणारा शहरात दुसरा नव्हता. नाचायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, या मेल्याचं थोबाड बघू नये, पण पाय टाकावा तो याच्याच तालावर.

बाप दक्षिण कॅरोलायनातून पोटासाठी वर आलेला, रेल्वेच्या यार्डात हमाली करणारा. ताल पोराला मिळाला तो चर्चमध्ये. तिथं रविवारी ड्रम, डफ आणि टाळ्यांचा असा कल्लोळ व्हायचा की धडधाकट माणसं अंगात आल्यासारखी जमिनीवर कोसळायची. सोळाव्या वर्षी क्लेमंटनं भर प्रार्थनेत डीकनला, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याला, सांगितलं की तुमचं भजन पळतंय, जरा आवरा. डीकननं त्याला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. भजन खरंच पळत होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. हा फरक क्लेमंटला जन्मभर कळला नाही.

पुढं त्यानं क्लबात वाजवलं, लग्नात वाजवलं, कपडे उतरवणाऱ्या बायांच्या मागं वाजवलं. रेकॉर्डही केल्या. पहिल्या रेकॉर्डच्या वेळी आवाज दबावा म्हणून त्याच्या ड्रमवर घोंगडं टाकलं होतं, दुसऱ्या वेळी त्याला खोलीच्या पार कोपऱ्यात बसवलं होतं. वेष्टनावर गाणाऱ्या बाईचं नाव यायचं, फार तर पियानोवाल्याचं, आणि खाली ‘व साथीदार’. घरी कोणी आलं की क्लेमंट ती रेकॉर्ड लावायचा आणि म्हणायचा, यात जे ऐकू येत नाही ना, तो मी. पाहुणे हसायचे. तो हसायचा नाही.

मग त्याला रॉस्को व्हान्स भेटला. व्हान्स सॅक्सोफोन वाजवायचा. माणूस देखणा, गोडबोला आणि पक्का मतलबी. त्याच्या सुरात अशी काही जादू होती की लोकांचे घास हातातच राहायचे. मात्र एक गोष्ट बाहेर कोणालाच ठाऊक नव्हती. रंगात आला की व्हान्सला सम सापडत नसे. तो मात्रा खायचा, कधी एक आगाऊ घालायचा, आणि स्वतःच्याच मस्तीत पुढं निघून जायचा.

अशा वेळी ड्रमवाल्यानं काय करायचं, याचा या लोकांत एक अलिखित रिवाज होता. आपण बरोबर आहोत म्हणून जागच्या जागी बसायचं नाही. पुढचा जिथं पडलाय तिथं जायचं. झांजेवर एक दणका द्यायचा, त्या दणक्यात ती हरवलेली मात्रा गिळून टाकायची आणि त्याच्या पावलाला पाऊल लावायचं. हे इतक्या बेमालूम करायचं की ऐकणाऱ्याला ते मुद्दाम बसवलंय असं वाटावं. आणि नंतर त्याबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही, पडलेल्यानंही नाही आणि उचलणाऱ्यानंही नाही. बाल्टिमोरला एकदा दारूच्या नशेत व्हान्स पार उलटा घुसला होता. क्लेमंटनं त्याला इतकं साफ उचललं की बासवाला बिचारा आपलंच चुकलं म्हणून घाम पुसत बसला.

आठ वर्षं क्लेमंट त्याला असा सांभाळत आला, आणि आठही वर्षं मनातून त्याचा तिरस्कार करत आला. व्हान्सची वाहवा व्हायची. क्लेमंटला लोक विचारायचे, सामान गाडीत ठेवायला मदत हवी का.

एकोणीसशे सत्तावन्न साली एका रेकॉर्ड कंपनीनं व्हान्सला त्याचीच एक चीज रेकॉर्ड करायला न्यूयॉर्कला बोलावलं. चिजेचं नाव ‘जादा पायरी’. व्हान्स लहानपणी राहायचा त्या घराला शेजारच्या घरांपेक्षा एक पायरी जास्त होती, तशी या चिजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी एक मात्रा जास्त होती. त्या पायरीवर भले भले अडखळायचे. सकाळी सगळे एकाच गाडीनं निघाले आणि बोलता बोलता पियानोवाल्या हेझल लॉकेटच्या तोंडून निसटलं की हिवाळ्यात सगळे पॅरिसला जाणार आहेत, सोबत एक तरुण ड्रमवाला आहे. क्लेमंटनं व्हान्सला विचारलं, हे खरं का. व्हान्स खिडकीबाहेर बघत हसला.

“असलं आंबट तोंड घेऊन समुद्र कोण ओलांडणार, क्लेम?” तो म्हणाला. “तू म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. चालतंस चांगलं, पण घड्याळ कोणी परदेशात नेत नाही.”

गाडीतले सगळे हसले. हेझल तेवढी हसली नाही.

रेकॉर्डिंगच्या खोलीत क्लेमंटला नेहमीप्रमाणे फळ्यांच्या आडोशाला बसवलं. त्या काळी सगळे एकदम वाजवायचे आणि जे उठेल ते उठेल, मागून दुरुस्ती नाही. व्हान्स त्या दिवशी असा वाजवत होता की ज्याचं नाव ते. तिसऱ्या आवर्तनात तो उडालाच. आणि शेवटी, स्वतःच्या घराची ती जादा पायरी विसरून, एक मात्रा आधीच पुढच्या आवर्तनात शिरला.

क्लेमंटला ते ऐकू आलं. आडोसा होता, घोंगडी होती, पण ते त्याला स्वच्छ ऐकू आलं. हात झांजेकडे निघालाही होता. तेवढ्यात त्याला घड्याळ आठवलं, आणि त्यानं हात मागं घेतला. चीज जशी लिहिली होती तशी, पायरीसकट, तो वाजवत राहिला.

हेझलनं फळीच्या फटीतून त्याच्याकडे बघितलं. मग ती व्हान्सकडे गेली, बासवालाही गेला. जाणार नाहीत तर काय, हाताखालची माणसं. पुरं एक आवर्तन ते तिघं एका बाजूला आणि क्लेमंट एकटा दुसऱ्या बाजूला. त्याच्या पायाखालची झांज नेमकी नको त्या मात्रेवर खणखणत होती. आवर्तनाच्या शेवटी व्हान्सनं एक मात्रा जास्त दम घेतला आणि येऊन समेवर मिळाला. ऐकणाऱ्याला वाटावं, ड्रमवाला वाट चुकला होता आणि मोठ्या मनाचा व्हान्स त्याला न्यायला मागं आला.

त्यांनी ती चीज आणखी दोनदा वाजवली, पण तो पहिला जीव काही परत आला नाही. बाजारात आली ती पहिलीच. नुसती आली नाही, वाऱ्यासारखी पसरली. वेष्टनावर आयुष्यात पहिल्यांदा छापलं होतं, ड्रम : क्लेमंट गॅड्सडेन, आणि तेही चांगल्या ठळक अक्षरांत. त्याच्या बायकोनं, अर्नेस्टाइननं, ते वेष्टन ती कामाला जायची त्या टोप्यांच्या कारखान्यात नेऊन एकूण एक बाईला दाखवलं.

महिनाभरात पोरंसोरंसुद्धा गल्लीत क्लेमंटची नक्कल करू लागली. एक जण तोंडानं सॅक्सोफोन वाजवायचा, दुसरा डब्यावर मुद्दाम उलटा ठेका धरायचा, मग सगळे खिदळायचे. क्लबवाले आधी टाळायला लागले, मग तोंडावर सांगायला लागले. समेवर राहता न येणारा ड्रमवाला घेऊन करायचं काय? ज्याच्यापाशी ठेक्यावाचून सांगण्यासारखं काही नव्हतं, त्याचा ठेकाच गेला. क्लेमंट गोदीत रंगकामाला लागला.

घरी तो सांगायचा, चुकला व्हान्स, मी नाही. हे खरं होतं. मग तो सांगायचा, फळ्यांच्या आड मला ऐकूच आलं नाही, नाहीतर सांभाळला असता. हे खोटं होतं. अर्नेस्टाइननं दोन्ही गोष्टी सारख्याच विश्वासानं घेतल्या. ती त्याच्यासाठी कारखान्यात भांडली, चर्चच्या स्वयंपाकघरात भांडली, हेझल लॉकेटला तर भर रस्त्यात थांबवून तिनं विचारलं, तुझी जीभ कोणी कापली का. हेझल तशीच निघून गेली. तेव्हापासून या घराला शहरात मित्र म्हणून कोणी उरला नाही.

पासष्ट सालच्या वसंतात एका रविवारी दुपारी रॉस्को व्हान्स स्वतः दारात आला. अर्नेस्टाइन नुकतीच चर्चमधून येऊन आत मासे तळत होती. क्लेमंट बाहेर पायऱ्यांवर बसला होता. त्यानं आधी बूट बघितले. पाय सुजले म्हणून बुटांना वरून चिरा दिल्या होत्या. मग त्यानं वर बघितलं. व्हान्स अर्धा झाला होता आणि बोलताना त्याला धाप लागत होती.

शनिवारी रिज अॅव्हेन्यूच्या हॉलमध्ये त्याचा सत्कार होता. सगळं शहर लोटणार होतं. व्हान्स म्हणाला, ड्रमवर तू बस.

“का? तुझी तरणीताठी पोरं मेली का सगळी?”

“पोरं मोजतात,” व्हान्स म्हणाला. “मी पडलो तरी मोजतच राहतात. आता दम पुरत नाही मला, कुठंही पडतो. तू उचलायचास.”

क्लेमंटच्या तोंडावर आयुष्यात क्वचित येणारं हसू आलं. या दिवसाची त्यानं रंगाचे डबे वाहताना रोज वाट बघितली होती. तो म्हणाला, बसतो, पण आधी स्टेजवरून लोकांना सांगायचं की त्या रेकॉर्डमध्ये मात्रा कोणी खाल्ली.

व्हान्सनं कठडा धरला.

“मी खाल्ली,” तो म्हणाला. “सूर तोंडातून सुटला तेव्हाच कळलं मला. तुझी वाट बघत होतो. अख्खं आवर्तन वाट बघितली, क्लेम.”

“ऐकू येत नव्हतं,” क्लेमंट आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

“तुला? हेझल पुढच्या कडव्याआधी थुंकी गिळायची तेही तुला ऐकू यायचं.” व्हान्सचा आवाज खाली आला. “कंपनीचा माणूस म्हणत होता दुसरी घेऊ, त्यात चूक नाही. मी म्हटलं, पहिलीच घ्या. आणि म्हटलं, ड्रमवाल्याचं नाव छापा, लांबून दिसेल असं छापा. तोपर्यंत छापलं होतं का मी तुझं नाव कधी? तू मला पाडलंस, मी तुला त्या वेष्टनावर पुरलं.”

त्या सगळ्या प्रकरणात एवढी एकच गोष्ट क्लेमंटला आपली वाटत आली होती. बाकी सगळं नासलं, पण नाव तरी छापलं, असं तो वाईटातल्या वाईट दिवशी स्वतःला सांगायचा. त्याला त्या माणसाला पायऱ्यांवरून ढकलावंसं वाटलं, आणि एवढा वाळलेला माणूस ढकलायचीही त्याला लाज वाटली.

“शनिवारी मी माझं सांगतो,” व्हान्स म्हणाला. “शपथेवर सांगतो, माझे दिवस तसेही भरलेत. पण तू पण तुझं सांगायचं. ऐकलं, आणि आलो नाही. एवढंच.”

एका वाक्याचं काम होतं. त्या वाक्यानं त्याचा ठेका त्याला परत मिळणार होता. क्लेमंटनं ते तोंडात आणूनही बघितलं. पण सम हुकणारा ड्रमवाला लोक हसून विसरतात. आपला माणूस पडताना ऐकून हात आवरणाऱ्याच्या पुढं मात्र कोणी वाजवायला उभा राहत नाही, आणि स्वतः क्लेमंटही राहिला नसता. शिवाय आत तव्याचा आवाज कधीच थांबला होता.

“नीघ,” तो म्हणाला.

व्हान्स एकेक पायरी उतरत गेला. क्लेमंटनं त्याला हात दिला नाही. जाळीच्या दाराआड अर्नेस्टाइन उलथनं हातात धरून उभी होती.

“ऐकू येत होतं तुला?”

“चूक त्याची होती, अर्नेस्टाइन. आत्ता कबूल केली त्यानं तुझ्यासमोर.”

“चुकला तो,” ती म्हणाली. “सोडलंस तू.”

तिनं मासे वाढले, पण ताट एकच घेतलं आणि ते त्याच्यापुढं ठेवून वर निघून गेली. पुढचे पाच दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. त्यानं दोनदा विषय काढला, त्या गाडीतलं हसणं सांगितलं, घड्याळाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भांडी घासायला गेली.

शनिवारी संध्याकाळी ती ईस्टरच्या सणाची ठेवणीतली टोपी घालून, हातमोजे चढवून खाली आली. क्लेमंट दारातच बसला होता. त्यानं विचारलं, कुठं निघालीस.

“हॉलवर.”

“त्या हरामखोराला ऐकायला?”

“त्याला नाही,” अर्नेस्टाइन म्हणाली. “ड्रमवर नवा पोरगा आहे म्हणे. तो त्याला उचलतो का, ते बघायला.”

ती त्याच्या अंगाला अंग न लावता बाजूनं उतरली आणि रिज अॅव्हेन्यूकडे चालायला लागली.