ॲटिकचं झाकण आणि देवांची फळी

बाळांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, की आमच्या गॅरेजमध्ये टांगलेल्या तुमच्या जांभळ्या सायकल हेल्मेटला भोक कसं पडलं. आजोबा ऐटीत म्हणाले, "ॲटिकचं काम मी एकट्याने केलं, त्याची निशाणी." मी शेजारी मटार सोलत राहिले. पण धाकटीने लगेच विचारलं, आपल्याही घराच्या ॲटिकमध्ये, छपराखालच्या त्या पोकळीत, चढता येईल का. म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील. वाचताना ते मध्येच थांबले तर थांबू द्या, त्यांनाही सगळं माहीत नाही.

तुमच्याकडे कॅलिफोर्नियात हिवाळ्यात अंगणातल्या झाडाला लिंबं लागतात. इथे आमच्या गावी, ट्रॉयला, जानेवारीत बाहेर टाकलेलं गरम पाणी बघता बघता गोठतं. हेल्मेटला भोक पडलं त्या वर्षी हीटिंग अखंड धडधडत होतं, तरी वरचा मजला गार. कारण देवघरात सापडलं.

आमचं देवघर तुम्ही पाहिलं आहे. मूळचं ते कपड्यांचं क्लॉझेट, आत शिरता येईल एवढी भिंतीतली खोली. कपड्यांचा दांडा काढून आजोबांनी तिथे लोखंडी ब्रॅकेटवर जाड फळी बसवली, तिच्यावर देव. बसवली त्या दिवशी फळीवर थाप मारून म्हणाले होते, "हिच्यावर माणूस उभा राहील!" घर बांधणाऱ्याने ॲटिकमध्ये जायची चौकोनी वाट नेमकी याच क्लॉझेटच्या छतात ठेवली होती, आणि तिच्यावर झाकण म्हणून नुसती एक पातळ फळी टाकली होती. एका सकाळी मी उदबत्ती लावली, तर धूर सरळ वर गेला आणि त्या झाकणाच्या फटीत नाहीसा झाला. खोलीत वास म्हणून राहिला नाही. आजोबांना हाक मारली. ते मान वर करून बघत राहिले. त्यांनी आयुष्यभर मोटारींच्या दारांना बसवायची रबरी सीलं केली होती. पावसाचा थेंब आत येऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम. "म्हणजे आपण आभाळ तापवतोय," ते म्हणाले. त्यांना तो अपमानच वाटला.

काम फार मोठं नव्हतं. झाकणाच्या कडेला रबरी पट्टी चिकटवायची आणि ॲटिकमध्ये त्या वाटेवर जाड फोमचा खोका उपडा घालायचा. आम्ही एका माणसाला बोलावलं. तो अगदी सभ्य होता, पण शिडीवर चढताना बूट काढायला तयार होईना. सुरक्षिततेचा नियम, म्हणाला. बुटांवर निळं प्लास्टिक चढवायला तयार होता.

"प्लास्टिक घातलं तरी बूट तो बूटच," आजोबा मला मराठीत म्हणाले.

"मग मी देव तासभर डायनिंग टेबलवर नेऊन ठेवते."

"आईने निघताना माझ्या हातात दिलेले देव आहेत ते. सामान आहे का, इकडून तिकडे करायला?"

त्या माणसाला आम्ही कॉफी पाजून परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजमधून करवतीचा आवाज आला तेव्हाच मी समजले. हृदयाच्या ऑपरेशननंतर आजोबांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. डोक्याला मार लागता कामा नये, आत रक्तस्राव झाला तर थांबणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि ॲटिकमध्ये छपराचे खिळे आरपार आलेले असतात, टोकं खाली करून. मी तुमच्या बाबांना फोन लावला आणि गॅरेजमध्ये आजोबांसमोर स्पीकरवर धरला.

"बाबा, प्लीज. जस्ट हायर समबडी."

"तू मीटिंगमध्ये असशील ना? मीटिंग कर."

फोन मी स्वयंपाकघरात ठेवून वर आले, तर शिडी देवघरात उभी आणि आजोबा अनवाणी.

"अहो, वर गोठून जाल. निदान बूट तरी घाला."

"देवघरात?"

"आणि देवांच्या डोक्यावर पाय येणार, ते चालतं?"

"मध्ये छत आहे."

"हे तुम्हाला कुठल्या कॉलेजात शिकवलं?"

ते हसले, पण चढायचा बेत सोडला नाही. मी गॅरेजमध्ये धावले. हाताला लागलं ते तुमचं हेल्मेट, उन्हाळ्यात विसरलेलं. मागची चकती फिरवून ते सैल केलं, त्यांच्या डोक्यावर बसवलं, हनुवटीखाली पट्टा आवळला. चांदण्यांची चित्रं असलेलं हेल्मेट घालून तुमचे आजोबा त्या चौकोनातून वर दिसेनासे झाले.

खोका त्यांनी गॅरेजमध्ये सुटा कापला होता. वर नेऊन बाजू चिकटवायच्या होत्या. थंडीत चिकटपट्टी धरेना. मी खाली शिडी धरून उभी. वरून गार हवा माझ्या मानेवर पडत होती. "झालं?" "होतंय." पुन्हा "झालं?" "अगं, होतंय ना!" मग एकदा ठक् असा आवाज आला आणि काहीच ऐकू येईना.

"अहो!"

"खिळा," ते म्हणाले. "हेल्मेटला लागला. मी ठीक आहे."

मी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "आता खाली या. राहिलं ते राहू दे."

चौकोनाच्या कडेवर बसून त्यांनी पाय खाली सोडले. पावलं मेणासारखी पांढरी पडली होती.

"शिडी कुठे आहे?"

"पायाखालीच आहे."

"लागत नाहीये."

त्यांचं उजवं पाऊल शिडीच्या वरच्या पायरीवर टेकलेलं मला दिसत होतं. त्यांना ते कळत नव्हतं.

मी घोटा धरून सांगितलं, "हा माझा हात. याच्या खाली पायरी आहे. भार टाका." त्यांनी टाकला, पण पाऊल वळलं आणि घसरलं. शिडी कलंडून भिंतीला टेकली. मी तिला खांदा लावला. ते कोपरांवर लोंबकळत होते आणि श्वास टाकताना आवाज होत होता. शिडी सोडली तर ती पडणार. फोन खाली. शेजाऱ्यांना हाक मारली, तरी बंद खिडक्यांतून ती कुणाला ऐकू जाणार?

त्यांचा डावा पाय हवेत फळीच्या दिशेने चाचपडत होता. देवांना लागेल म्हणून ते तो पुन्हा पुन्हा मागे घेत होते. हे पाहिलं तेव्हा मला उपाय दिसला.

"फळीवर पाय ठेवा."

"देव आहेत."

"थांबा."

खांदा शिडीला तसाच ठेवून मी एका हाताने बाळकृष्ण उचलला, मग अन्नपूर्णा, गणपती, शंख, घंटा. दाराशी कपड्यांची बास्केट होती, धुवायच्या टॉवेलांची. सगळे तिच्यात. घंटा वाजली, तेव्हा वरून आवाज आला, "कुठे ठेवतेस?"

"टॉवेलात! पाय ठेवा!"

"अगं, पण..."

"माणूस उभा राहील म्हणाला होतात ना? मग राहा!"

त्यांनी पाय ठेवला. ब्रॅकेट करकरलं, पण फळीने त्यांना धरलं. मी शिडी सरळ केली आणि त्यांचं एकेक पाऊल हाताने पायरीवर ठेवत त्यांना खाली आणलं. ते तिथेच जमिनीवर बसले, हेल्मेटसकट. मी त्यांची पावलं माझ्या स्वेटरच्या आत पोटाशी धरली. बराच वेळ ती तशीच धरून ठेवली. मग पावलांत कळ आली आणि ते कण्हले. ते ऐकून मला रडू आलं.

"बास्केट कुठली?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"नका विचारू."

संध्याकाळी मी शिडीवर चढून खोका त्या वाटेवर ओढून घेतला आणि कडेला रबरी पट्टी लावून झाकण बसवलं. मग देवांना पंचामृताने स्नान घालून पुन्हा फळीवर बसवलं, आजोबांच्याच हाताने. मी उदबत्ती लावली. धूर छतापर्यंत गेला, तिथे अडला आणि खोलीभर पसरला.

झाकण अजून बसलेलं आहे. रबरी पट्टी एका कोपऱ्यात सुटली आहे, ती पुढच्या महिन्यात एक बाई येऊन बदलणार आहे, बूट घालून. त्या दिवशी देव डायनिंग टेबलवर असतील. आजोबांच्या उजव्या पायाच्या दोन बोटांना अजून स्पर्श कळत नाही. फळी थोडी कललेली आहे. हेल्मेट गॅरेजमध्ये आहे, आणि आजोबा खाली टीव्ही बघत आहेत.