झाकलेलं पातेलं

गुरुवार होता, म्हणून मी चहाला तीन कप काढून ठेवले होते. दर गुरुवारी सकाळी माझी थोरली बहीण फिलोमिना, आमची बाय, तिच्या लेकीला, ग्लोरीला घेऊन ठाण्याहून माझ्याकडे ठाकुर्लीला यायची. त्या दिवशी त्या दोघींऐवजी बायच्या शेजारणीचा फोन आला. "बाय झोपेतच गेली गं..." आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "ग्लोरी कुठाय?" बहीण गेल्याचं रडू नंतर आलं. आधी राग आला, आणि दीड महिना झाला तरी तो काही गेलेला नाही.

ग्लोरी चौतीस वर्षांची आहे, पण तिची समज पाच वर्षांच्या पोरीएवढी. ती नऊ वर्षांची असताना सायमन भावोजी वारले. बायने चर्चच्या शाळेत शिवण शिकवून घर चालवलं. ठाण्यात खोपटजवळच्या आमच्या माहेरच्याच दोन खोल्यांत ती राहायची. छत गळू दे, ग्लोरीला फिट येऊ दे, नाहीतर शाळेतलं शिवणच बंद होऊ दे, बायचं उत्तर ठरलेलं असायचं : "तो बघतो ना!" मीही लहानपणापासून चर्चला जाणारी, रोज रात्री रोझरी म्हणणारी बाई आहे. पण कोणी छत्री न घेता पावसात उभं राहून 'देव राखेल' म्हणू लागलं, तर मला नाही सहन होत.

माझा स्वभाव तिला पक्का ठाऊक होता. सणाला आमच्याकडे फुगे करतात. मैदा, अंडी आणि नारळाच्या रसाचं पीठ भिजवून त्यावर बोटाने क्रूस काढायचा, पातेलं झाकायचं आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. सकाळी फुगलेल्या पिठाचे गोळे तळायचे. लहानपणी मी दर तासाला झाकण उचलून बघायचे आणि बाय माझ्या हातावर चापटी मारायची. "राहू दे ना. क्रूस काढलाय नं?" साठी उलटली तरी आमच्यातलं भांडण तेच होतं.

"तुझ्यामागे हिचं काय?" हा प्रश्न मी तिला किती वेळा विचारला असेल! शेवटी कल्याणच्या पुढे सिस्टर लोक अशा मुलींसाठी आश्रम चालवतात, तिथे मी स्वतः जाऊन आले. जागा स्वच्छ होती, सिस्टर प्रेमळ वाटल्या. अर्ज आणला, भरला, फक्त बायची सही राहिली. तो वर्षभर तिच्याकडे पडून होता. ती जायच्या आदल्या गुरुवारी मी तोल सोडून ओरडले, "तुझा देव येणार आहे का हिचे केस विंचरायला?"

ती हसली. "तो कशाला येतोय? कुणाला तरी पाठवेल की."

"आणि नाही पाठवलं तर?"

"पातेलं उघडू नको गं सारखं," एवढंच म्हणाली आणि ग्लोरीला चप्पल घालायला वाकली. आमचं शेवटचं बोलणं हेच.

मातीनंतर ग्लोरीला मी घरी आणलं. वाटलं होतं, आईशिवाय राहायचं म्हणून आकांत करेल. तिने आपली चप्पल रॅकच्या खालच्या फळीवर ठेवली, खिळ्यावरचा निळा मग काढला, मोरीतला घट्ट नळ दोन्ही हातांनी फिरवला आणि कंगवा घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. मीही न विचारता डाव्या बाजूने विंचरायला घेतलं, कारण उजवीकडून सुरुवात केली की ती रडते हे मला माहीत होतं. हे मला कधी कळलं? अकरा वर्षांच्या गुरुवारांत! आमचे हे गेल्यावर बाय यायला लागली होती. "तू एकटी असतेस, म्हणून येते गं," म्हणायची. दुपारी स्वतः पाय पसरून झोपायची आणि ग्लोरीला माझ्यावर सोडायची. मला वाटायचं, दमते बिचारी.

बायच्या महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, जो तो येऊन मला सांगत होता, "देवाने सोय केली बघा." सोय! मला गुडघेदुखी, मला रक्तदाब, आणि उद्या माझ्यामागे हिचं काय? अकरा वर्षं माझ्याकडून गुपचूप सराव करून घेतला, ही बायची श्रद्धा होती की लबाडी, मला कळत नाही. देवाने पाठवलं म्हणावं, तर मला एका शब्दाने विचारायचं तरी होतं... त्याने नाही, निदान तिने तरी. मी कदाचित हो म्हटलं असतं. कदाचित नसतंही, आणि बायला तेच माहीत असणार.

अर्ज बायच्या घरी सापडला. आता त्यावर माझी सही चालते. मी तो माझ्या टेबलाच्या खणात ठेवलाय, फाडलेला नाही.

काल संध्याकाळी ग्लोरीने आपणहून मैद्याचा डबा काढला. सण नाही, काही नाही. म्हटलं, करू या. मी पीठ भिजवलं, तिने जीभ बाहेर काढून, मन लावून त्यावर वाकडातिकडा क्रूस काढला, पातेलं झाकलं आणि शेजारी स्टूल घेऊन बसली. तासाभराने माझा हात झाकणाकडे गेलाच. चटकन चापटी बसली.

"मावशी, राहू दे ना."

अगदी बायचा सूर. मी हात मागे घेतला आणि दुसरं स्टूल ओढून, चिडूनच, तिच्या शेजारी बसले.