पाय धुतलेलं पाणी

शेजारी बसलेल्या माणसाची प्रार्थना देवानं ऐकू नये, असं तुम्हाला कधी मनापासून वाटलं आहे का? मला वाटलं आहे.

दुष्काळाचं वर्ष होतं. क्रांती चौकाकडच्या आमच्या चर्चभोवती इमारती वाढत होत्या, नळाला पाण्याचा नेम नव्हता आणि अंगणातला कडुनिंब पार वाळला होता. ईस्टरपर्यंत पालवी फुटली नाही तर झाड तोडून गाड्यांना जागा करायची, असं चर्चच्या पंचांनी ठरवलं. माझे वडील गुलमंडीत सुवार्तेची पत्रकं वाटायचे. मी त्यांच्याच वळणावर गेलेली. सृष्टीची राखण ही देवाची आज्ञा आहे, असं जळजळीत पत्रक लिहून मी उपासनेआधी वाटलं. उकडत होतं, मंडळींनी त्याचे पंखे केले.

मग उपासनेत तरुण संघातली सुवार्ता नावाची मुलगी उठली. डोळे मिटून एवढंच म्हणाली, "प्रभू, आमचं झाड तहानलंय." बायांनी पदर डोळ्यांना लावले. पुढच्या रविवारपासून घरोघरचं भाजी धुतलेलं पाणी बाटल्यांतून झाडाला येऊ लागलं. माझा जळफळाट झाला. झाड जगायला हवं होतं, पण तिच्या प्रार्थनेनं नको.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, आमच्याकडे एकमेकांचे पाय धुतात. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, जोड्या लावल्या आणि नेमकी सुवार्ता माझ्यापुढं गुडघे टेकून बसली. मी पाय मागं ओढला.

"दे की गं! खाऊ का तुझा पाय?" तिनं टाच चोळली. "लई भेगा पडल्यात. पत्रकं वाटत सगळं शहर पालथं घातलंस व्हय?" मग हळूच म्हणाली, "मला हेवा वाटतो तुझा. मला लिहिताच येत नाय, म्हणून त्या दिवशी तेवढंच बोलले."

मी दुसरा पाय आपणहून पुढं केला. एरवी ते पाय धुतलेलं पाणी गटारीत जायचं. त्या दिवशी घमेलं आम्ही दोघींनी उचललं आणि कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतलं.

ईस्टरच्या सकाळी एका फांदीवर तांबूस पालवी होती. चैत्रात कडुनिंब पालवतोच, मी वाद घालत नाही. एक पंच म्हणाले, "सुवार्ताचं झाड जगलं बघा!" माझ्या छातीत पुन्हा जळलं. ती लगेच म्हणाली, "काका, आमच्या दोघींचं."

देवापुढं हात जोडणं मला कधीच जड गेलं नाही. पाय पुढं करणं जड गेलं, आणि त्यानं तेच मागितलं. त्याचे आभार मानते.

तुम्ही एवढं करा. या रविवारी तुमच्या प्रार्थनास्थळाचं धुण्याचं पाणी गटारीत सोडू नका, दारातल्या झाडाला घाला. आणि ज्याचा हेवा वाटतो, त्याला बादलीची दुसरी बाजू धरायला सांगा.