पाणी कधी येतं ते आधी विचारा

आमच्या गल्लीतून कुणी समुद्रावर निघालं की माझ्याकडे येतं. मी एकदा जाऊन आले आहे, एवढंच. परवा शेजारची सून आली.

"मावशी, सुट्टीत आमी कोकणात जाणार हाय. काय काय न्यायचं सांगा की."

सांगितलं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घे, तिथल्या भातानं आपलं पोट भरत नाही. घाटात ओकारी होते, पिशवी हाताशी ठेव. सुती लुगडं नेऊ नको, तिथल्या हवेत वाळत नाही. खोली खालचीच माग. समुद्र दिसतो म्हणून वरची गळ्यात मारतात, पण जिना कोण चढणार?

"आणि पाणी कधी येतं ते आधी विचार."

"नळाला?"

"समुद्राला."

ती हसली. तेव्हा मला कुणी असं सांगितलं असतं, तर मीही हसले असते.

आमच्या मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, जन्म यंत्रमागावर टॉवेल विणण्यात गेला. सुताची धूळ छातीत बसली. हे आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मालकांनी कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी घरी येताना रिक्षात म्हणाले, "एकदा समुद्रात पाय बुडवून उभं राहायचं हाय."

मुलानं गाडी ठरवली. रात्रभर प्रवास करून सकाळी पोचलो. खोलीच्या मागेच समुद्र, लाटा अगदी कुंपणापर्यंत. मालक घाटानं दमले होते. मीच म्हणाले, "आधी पडा जरा. समुद्र कुटं पळून चाललाय?"

ते झोपले. जेवले. उन्हं जरा कलल्यावर आम्ही त्यांना धरून मागच्या दारानं बाहेर काढलं, तर समोर नुसती ओली वाळू. पाणी लांब, एक चकाकती रेघ.

मालक म्हणाले, "आटलं का गं?"

जाळं निवडत बसलेली एक बाई म्हणाली, "ओहोटी आहे, आजोबा. सकाळी यायचं होतं. आता पाणी रात्रीच भरणार."

मुलाला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. अंधाराच्या आत निघायचं ठरलं होतं. मालक चालायला लागले. ओल्या वाळूत पाय रुतायचा, तो उपसताना श्वास जायचा. थोडं गेले आणि खाली बसले. मुलानं खोलीवरची प्लास्टिकची खुर्ची आणली, तिचेही पाय रुतले. मग त्यानं त्यांना पाठीवर घेतलं.

"ठेव खाली. माणसं बघत्यात."

"बघू द्या की, आबा."

"ठेव म्हनतो न्हवं!"

ठेवलं. पाण्याकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "चला." तसेच गाडीत बसलो.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी इथं बाई लग्नालासुद्धा जात नाही. पाणी कधी येणार, हे दारात आलेल्या पाहुण्यालाही आम्ही विचारतो. तिथं विचारलं नाही. एवढं पाणी असल्यावर त्याचीही वेळ असेल, हे डोक्यातच आलं नाही.

आता मालक मोरीपर्यंतसुद्धा धरल्याशिवाय जात नाहीत. परत समुद्र होणार नाही. कुणी होईल म्हणालं, तर मी त्याला गप्प बसवते.

शेजारची सून उठताना खाटेकडे बघून म्हणाली, "काका, तुमच्यासाठी बाटलीत समुद्राचं पाणी आणते."

मालकांनी डोळे उघडले. "त्यात पाय कसा जायचा?"

ती परत हसली. मालकांनी भिंतीकडे तोंड केलं. बाहेर कुणीतरी पाणी आलं म्हणून ओरडलं, तशी ती धावत गेली. मीही घागर उचलली.